युतीचा गुलाल

मागच्या लोकसभेला महाळुंग्यात प्रचारावरून मारामारी झाली, तेव्हा समोरच्या पक्षाच्या एका कार्यकर्त्याने माझ्या थोरल्या भावाचा गुडघा लोखंडी पाइपने फोडला. दादाला लाइनवर अख्खी शिफ्ट उभं राहता येईना, म्हणून कंपनीने त्याला घरी बसवलं. यंदा वरच्या नेत्यांनी त्या दोन पक्षांची युती केली आणि आमचा शहाणा त्याच माणसाबरोबर लंगडत दारोदार मतं मागत फिरला.

निकालाच्या दिवशी जेसीबीतून गुलाल उधळत मिरवणूक आमच्या गल्लीत आली. निवडून आलेले साहेब चौकातूनच पुढे गेले. त्यांच्या वतीने ओवाळून घ्यायला आमच्या दारात उभा राहिला तो हा पाइपवाला. ताट माझ्या हातात होतं. दादा म्हणाला, "ओवाळ की, आता आपलाच माणूस हाय."

त्या माणसाने गुलालाचा हात दादाच्या खांद्यावर टाकला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "राव, पायाला काय झालं तुमच्या?"

गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही. दादा हसत म्हणाला, "काय न्हाई भाऊ, गाडीवरनं पडलो."

मी त्या माणसाला कुंकू लावून ओवाळलं. मग वाकून कुंकवाचं दुसरं बोट दादाच्या त्या गुडघ्याला लावलं.