काळा सेनापती आणि शैलाताई

एडिनबराच्या आमच्या संग्रहालयात शैलाताई कुणालाही ब्राँझच्या पुतळ्यासमोर उभं राहू देत नसत. मी धातुविभागात रुजू झाले त्या दिवशी सतराव्या शतकातल्या, बरोक काळातल्या एका सेनापतीच्या अर्धपुतळ्यापुढे आदराने थांबले, तर मागून आवाज आला, “उभी काय राहिलीस? चाल.” चालले. दोन पावलांत उजेड त्याच्या गालावरून घसरला आणि तो सेनापती माझ्यावर चक्क डाफरला.

ताई मूळच्या नागपूरच्या, आयुष्यभर धातूंची निगा राखण्यात मुरलेल्या. संगमरवराबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं. “मार्बलमध्ये माणूस गेल्यासारखा दिसतो गं. हा बघ, अजून चिडलेला आहे.” त्या काळी तोफाही ब्राँझच्याच ओतायचे, हे त्या येईल त्याला सांगत. सेनापतीने आपला चेहरा त्याच धातूत ओतून घेतला तो शोभेसाठी नव्हे, बघणाऱ्याला जरब बसावी म्हणून. वरचा काळसर तांबूस व्हार्निशचा थर शिल्पकाराने स्वतः चढवलेला. जरब त्यातही होती.

नव्या संचालकबाईंना नेमका तोच खुपला. चेहरा नीट दिसत नाही, थर काढा, सोन्यासारखा चमकू दे, पोस्टरवर छान येईल, असं त्यांचं म्हणणं. पण धातुविभागाच्या सहीशिवाय पुतळ्याला हात लावता येत नसे. ताईंनी फॉर्मवर सहीच्या जागी ठळक ‘नो’ लिहिलं आणि खाली कारण दिलं: याने सेनापतीचा शोकेसमधला बक्षिसाचा कप होईल. त्यांना मुदतीआधी निवृत्त केलं गेलं. निरोपाचा केकही त्यांनी कापला नाही.

मग फॉर्म माझ्याकडे आला. माझा व्हिसा याच नोकरीवर होता. मी घाबरून ताईंना फोन केला. खरं तर त्यांनीच ‘कर सही’ म्हणावं, अशी माझी इच्छा होती.

“तुझा व्हिसा, तुझा डिसिजन. मी रागावणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण जॉब दुसरा मिळतो. ती लेयर एकदा गेली की संपलं.”

मला त्यांचा रागच आला. निवृत्त माणसाला काय जातंय बोलायला. दुसऱ्या दिवशी संचालकबाईंकडे जाताना सेनापतीपुढून चालले, तो पहिल्या दिवशीसारखाच डाफरला; आत जाऊन सही करणार नाही म्हणाले.

ताई गेल्या हिवाळ्यात वारल्या. फॉर्म अजून दर वर्षी येतो आणि मी तो सहीविना परत पाठवते. सेनापतीवरचा थर काढायचा असेल, तर आधी मला काढावं लागेल.