मालकांची गादी

गादी कारखान्याचे आमचे मालक वारले. शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, "या दानशूर माणसाने निद्रिस्त समाजाला जागं केलं." शेजारी बसलेल्या वहिनी, म्हणजे मालकांची बायको, मला हळूच म्हणाल्या, "उलट जन्मभर लोकांना झोपवायचाच धंदा केला की यांनी." तीस वर्षं मी तिथे गाद्या शिवल्या, त्यामुळे मला हसू आवरेना.

वहिनींना बोलायला बोलावलं, तेव्हा त्यांनी थेट दवाखान्याचा किस्सा काढला. मालकांनी दवाखान्याला साठ गाद्या फुकट दिल्या आणि महिन्याभराने त्या दबल्या का ते बघायला स्वतःच एका खाटेवर आडवे झाले. तिथेच त्यांचा डोळा लागला. नव्या नर्सबाईंनी पेशंट समजून त्यांना उठवलं आणि सुई काढली.

"अहो, या गाद्या मीच दिल्यात."

"काल एक जण म्हणाला, इमारत माझी आहे. पालथे व्हा."

मालक दोन दिवस उभ्याने जेवले, पण चिडले नाहीत. "गादी मऊ आहे, उशी मात्र दगड," म्हणाले आणि साठ उशा पाठवल्या.

सभा खो-खो हसली. बाहेर पडताना वहिनी म्हणाल्या, "रडायचं ठरवून आले होते, जमलंच नाही. आता घरी जाऊन रडते."