करवत मॅडमची रिले

कॉलेजात तिला सगळे करवत म्हणत, अगदी ऑफिसातला शिपाईसुद्धा. तिलाही ते ठाऊक होतं. मुलामुलींना कमी अंतराच्या शर्यतींसाठी तयार करणं हे तिचं काम, आणि ते ती शिव्याशापांवरच करायची. पायावर फोड आला म्हणून कुणी बसलं, तर "घरी जाऊन आईच्या मांडीवर बस," म्हणायची. दर वर्षी निम्मी पोरं दिवाळीआधीच पळ काढायची. उरलेली मात्र बक्षिसं आणायची, त्यामुळे प्राचार्य तोंड वाकडं करूनही तिला सांभाळून घेत.

ती स्वतः पूर्वी धावायची. निवड चाचणीत दरवेळी थोडक्यात बाहेर राहायची. त्याबद्दल कुणी विचारलं की ती विचारणाऱ्यालाच फैलावर घ्यायची.

तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी याच कॉलेजात आली. "तुझ्या हाती देतेय," थोरली म्हणाली. करवतीने पहिल्याच दिवशी भाचीला सांगून टाकलं, "घरी मावशी. इथे मॅडम. आणि तुला इतरांपेक्षा जास्त ऐकून घ्यावं लागेल." तो शब्द तिने पाळला. स्टार्टला भाचीचा खांदा जरा वर आला, तरी सगळ्यांसमोर तिचा पाणउतारा व्हायचा. पोरगी रडायची नाही, उलट उत्तरही द्यायची नाही. दात-ओठ खाऊन पळायची. दुसऱ्या वर्षी तिच्याइतकी वेगवान मुलगी कॉलेजात नव्हती, आणि रिलेचा शेवटचा टप्पा आपोआप तिच्याकडे आला.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीला थोरली प्रेक्षकांत येऊन बसली होती. वॉर्म-अप चालू असताना करवतीची नजर भाचीच्या डाव्या पायावर गेली. पाऊल आखूड पडत होतं.

"दुखतंय का?"

"नाही, मॅडम."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना."

करवतीने खाली बसून तिच्या मांडीत अंगठा रुतवला. भाचीने श्वास रोखला.

"जर्सी उतरव. राखीव मुलगी धावेल."

"मावशी, साधा गोळा आलाय. मी धावू शकते."

"स्नायू फाटला तर जन्माची लंगडशील. आणि मला खोटं बोललेलं चालत नाही."

राखीव मुलगी भेदरलेली होती. बॅटन तिच्या हातात आलं आणि निसटलं. ते उचलेपर्यंत बाकीच्या संघांनी रेषा ओलांडली होती.

थोरली पायऱ्या उतरून थेट ट्रॅकच्या कठड्यापाशी आली. "तुला स्वतःला जमलं नाही, म्हणून तिचं बघवत नाही तुला," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं.

"तुझ्या मुलीत हिंमत असती तर दुखतंय म्हणाली असती," करवत म्हणाली. "भित्री निपजली, आईसारखी."

भाची दोघींच्या मधोमध उभी होती. जर्सी तिने मावशीच्या पायाशी टाकली आणि ती आईच्या पाठोपाठ निघून गेली.

डॉक्टरांनी तपासलं. स्नायूला काहीच झालं नव्हतं, खरोखरच गोळा आला होता. थोरलीने हे फोन करून सांगितलं आणि धाकटी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

भाचीने कॉलेज बदललं. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत ती दुसऱ्या रंगाच्या कपड्यांत शेवटचा टप्पा धावली आणि तिने करवतीच्या संघाला सहज मागे टाकलं. करवतीला तिथून निघून जाता आलं असतं. ती मुद्दाम तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उजवा हात अजून आत येतोय तुझा."

भाची बुटाची नाडी सोडत होती. "तुम्हाला कुणी विचारलं, मॅडम?"

दोन वर्षं संघ हरला, तशी प्राचार्यांची सबुरीही संपली. धावपटू गोळाफेकीच्या प्रशिक्षकाकडे सोपवले गेले. निरोप समारंभ ठेवू का, असं शिपायाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कशाला? तुम्हाला आनंद झालाय तो नुसता तोंडावर दिसतोय, तेवढा पुरे." एका शाळेने तिला घेतलं. तिथेही पालकांच्या तक्रारी लवकरच सुरू झाल्या.

दोघी बहिणींची आई अंथरुणाला खिळली होती. दोघी तिला आळीपाळीने सांभाळत. एकीची पाळी संपून दुसरीची सुरू झाली, की औषधांबद्दल काय ते एकमेकींकडे न बघता सांगायच्या. शेवटी म्हातारीनेच धाकटीला धरलं.

"मी डोळे मिटायच्या आत एकदा तरी बोल तिच्याशी."

करवत आईची उशी सारखी करत होती. तिने ती नीट बसवली. मग म्हणाली, "चुकलं असेल माझं. पण पोरीने तोंड उघडायला हवं होतं."

आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या तोंडून असं काही निघालं होतं. म्हातारीने ते दुसऱ्या दिवशी मोठ्या आशेने थोरलीच्या कानावर घातलं.

थोरली पाण्यात कापड बुडवून पिळत होती.

"'असेल' म्हणाली?"

"हो गं. एवढं तरी म्हणाली."

"मग राहू दे," थोरली म्हणाली आणि आईचे पाय पुसायला लागली.