एकट्यानं म्हणायचं ‘न्हाई’

निम्मा घाट उतरून झाला तरी वनमालाताईंचा संताप उतरला नव्हता. धारूरहून येणारी एसटी आलीच नाही, म्हणून खालच्या फाट्यापर्यंत मी त्यांना सोबत करत होते.

त्या नांदूरघाटच्या. पोरं टोळ्यांच्या नादी लागू नयेत म्हणून शाळांत जे तास घ्यायचे असतात, ते ठरल्याप्रमाणे घेतात का, हे बघायला एक संस्था त्यांना गावोगाव पाठवते. मी आमच्या शाळेच्या समितीवर, पालकांकडून.

ताईंकडं गाडी नाही, पण पिशवीत गाडीची किल्ली असते. सकाळी नववीच्या वर्गात ती बोटावर फिरवत, टोळीवाल्याच्या थाटात त्या एका पोराला म्हणाल्या, “काय बे, बस गाडीवर. भाऊंनी बोलावलंय.”

पोरं एका सुरात ओरडली, “नाही, नाही, त्रिवार नाही!”

“सगळे नगं. तू एकटा म्हण.”

पोरगं उठलं. किल्लीकडं बघत हसलं अन् म्हणालं, “कुठं जायचं, भाऊ?”

वर्ग खिदळला. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, शपथ तोंडपाठ हाय की!”

“शपथ कुणी सांगितलती, सर? एकेकाला उभं करून सराव घ्यायचा होता.”

सराव झालाच नव्हता. मांडव घालून एक कार्यक्रम उरकला होता, अन् पाहुणे कोण? भगवानराव! ज्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर आमची पोरं गॉगल लावून झळकतात, ज्यांच्या गाड्यांवर बसून वसुलीला जातात, ते. शाल-श्रीफळ त्यांना, अन् पोरांना शपथही त्यांनीच दिली. मी रोज देवापुढं दिवा लावणारी बाई; शपथेची ही थट्टा बघून अंगाची लाही झाली.

ताईंचा धाकटा दीर असाच कुणाच्या तरी गाडीवर बसून गेला. भांडखोर नव्हता. नाही म्हणायला जीभ उचलली नाही, एवढंच. आज तुरुंगात आहे.

फाटा दिसायला लागला तशा ताई थांबल्या.

“सोमवारी तुमच्या समितीची बैठक हाय. समितीनं ‘सगळं नीट झालं’ म्हटलं की मी खोटी पडते. मग संस्थावाले म्हणतील, शिकवूनबी पोरं सुधरंनात. तास कायमचे बंद.”

“भगवानराव असतील तिथं,” मी म्हणाले.

“असणारच. सगळे माना हलवतील. तुमी भाषण करू नका, वैनी. इचारलं की एकटीनं म्हणा, न्हाई झालं.”

त्यांनी पिशवीतून किल्ली काढली, बोटावर फिरवली.

“मी भगवानराव. काय वैनी, झाला ना कार्यक्रम झकास? हं, म्हणा बरं आता.”