डाव्या कुशीवरची साखर

"बावन्न," डॉक्टर म्हणाले. "आणि तासाभरात तीनशे दहा. हा माणूस आहे की लिफ्ट?"

स्क्रीनवर राणे आबांचा ग्राफ होता. रोज दुपारी दोनच्या सुमारास साखर धाडकन खाली आणि लगेच वर. रविवारीसुद्धा सुट्टी नाही.

मी परळच्या एका क्लिनिकमध्ये डायबिटीस एज्युकेटर आहे. म्हणजे डॉक्टर पाच मिनिटांत सांगतात ते मी पाऊण तास समजावते, आणि मग पेशंट घरी जाऊन शेजारणीचं ऐकतो. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, लालबागच्या चाळीतले, कॅरमचे पक्के खेळाडू. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "राणी खय आसा तीच दिसणा नाय," म्हणायचे. आणि सर्जनने ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं. आधी साखर आवरा, मग या.

म्हणून आम्ही त्यांना सीजीएम लावलं होतं. दंडाला मोठ्या बटणाएवढा सेन्सर चिकटवतात. त्याची बारीक तार कातडीखाली जाते, तिथल्या पाण्यातली साखर सतत मोजते आणि मोबाइलला कळवते. सत्तरच्या खाली गेली की अलार्म. उजवा हात स्ट्रायकरचा, म्हणून आबांनी डावा दंड पुढे केला. त्यांच्या बायकोला, माईंना, कमी ऐकू येतं. मी मोबाइलचा आवाज फुल केला आणि बजावलं, "हे वाजलं की लगेच गोड द्या." शेजारच्या सुर्वे काकू सोबत आल्या होत्या. त्यांनाही बजावलं. माझा स्वभावच तसा, अर्धवट काम आवडत नाही.

साखर उतरते म्हणून डॉक्टरांनी आबांची गोळी कमी केली. उतरायची ती उतरतच राहिली, आणि चढायची ती आणखी चढली.

"इन्सुलिन सुरू करू या," डॉक्टर म्हणाले.

"आणि बावन्नची बत्तीस झाली तर?"

"मग तुम्हीच जाऊन बघा, दुपारी काय उद्योग करतात ते."

गेले. मंगळवार होता. आबा जेवले. मोजून एक वाटी भात, बांगड्याचं तिखलं, ताक. नाव ठेवायला जागा नाही. मग चटई अंथरली आणि डाव्या कुशीवर आडवे झाले. "जेवल्यावर वामकुक्षी. बापाशीपासून सवय."

वीस मिनिटांत मोबाइल बोंबलायला लागला. बावन्न. मी उठेपर्यंत दार उघडलं आणि सुर्वे काकू पेढे घेऊन आत. मागोमाग समोरच्या खोलीतल्या बाई बेसनाचा लाडू घेऊन.

"तुमचा बुधवार ना?" काकू त्यांना म्हणाल्या. "आज माझा."

मजल्यावर वार लावून घेतले होते. आबांनी डोळे न उघडता तोंड उघडलं.

"थांबा," मी म्हटलं आणि आबांच्या बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. एकशे अडतीस. घाम नाही, थरथर नाही, माणूस ठणठणीत.

"म्हणजे मशीन खोटं बोलतं?" काकूंनी विचारलं.

मी आबांना बसवलं. दहा-पंधरा मिनिटांत मोबाइलचा आकडा आपोआप वर आला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबा झोपायचे सेन्सरवरच. अंगाखाली दंड दाबला की तिथलं पाणी बाजूला सरतं आणि सेन्सरला वाटतं साखर उतरली. पुस्तकात वाचलेलं होतं, हो. पण पुस्तकात वामकुक्षी नव्हती. चौदा दिवस मी एका डायबेटिक माणसाला शिस्तीत पेढे चारले होते. लाज वाटली.

नवा सेन्सर उजव्या दंडाला लावला. तीन दिवस ग्राफ सरळ. डॉक्टरांनी गोळी पूर्ववत केली. चौथ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा पंचावन्न.

मी फोन लावला. "आबा, आज कुठल्या कुशीवर झोपला होतात?"

आबांनी आधी माईंना चहा टाकायला सांगितला. मग, "उजव्या."

"बापाशीपासूनची सवय कुठे गेली?"

"शनवार होतो गो. खरवस येवचो होतो."

माझा पारा चढला. "आबा, तुम्हाला राणी बघायची आहे की खरवस खायचाय?"

"दोनय नाय जमाचा?"

त्याच संध्याकाळी मी चाळीत जाऊन नियम बदलला. आबांना घाम फुटला, हातपाय कापले किंवा ते बरळायला लागले, तर विचार न करता गोड द्यायचं. नाहीतर आधी सुई, आकडा खरंच कमी निघाला तरच पेढा. रक्त तपासायचं मशीन सुर्वे काकूंच्या हवाली केलं. वार तेच राहिले. फक्त आता दार उघडलं की हातात वाटीऐवजी सुई. काकूंचा हात जड आहे. दोन दिवसांत आबा डाव्या कुशीवर परतले.

दीड महिन्यानंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. सर्जनने परवानगी दिल्यावर आबा कॅरमवर बसले आणि तिथूनच मला फोन केला. "लाल राणी दिसली."

मी हातातली फाइल मिटली. "घेतलीत?"

"खय घेतलंय. सुर्वेणीन घेतल्यान."

आता नवा पेशंट आला की आहार विचारण्याआधी मी विचारते, जेवल्यावर कुठल्या कुशीवर झोपता? आणि त्यानंतर लगेच, शेजारी कोण राहतं?