जबाबापुरतं थांबणं

नाताळच्या आधीचे चार रविवार आमची मंडळी आगमनकाळ म्हणून पाळते. वाट बघायचे दिवस. मला विचाराल तर पाय दुखायचे दिवस. बीडच्या दवाखान्यात नर्सची ड्युटी संपवायची, एसटीत उभ्यानं नेकनूरजवळच्या आमच्या गावी यायचं, आईला भरवायचं आणि मग गळ्यात पेटी अडकवून दारोदार गात फिरायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

दिवाळी झाली की आमची निम्मी वस्ती कोयते घेऊन ऊसतोडीला जाते. चांगले गळे नेमके तिकडं. मागं राहतो आम्ही नोकरीवाले, म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं. ढोलकी चर्चचे पाळकसाहेब वाजवतात. ते प्रार्थना फार चांगली करतात. वस्तीसमोरचे दुकानदार दरवर्षी मला म्हणतात, "देव यायचा तवा यील बाई, तुमी कावून आधीच घसा बसवून घेता?" आणि फेरी आली की सगळ्यांना आल्याचा चहाही तेच पाजतात.

आगमनकाळाची गाणी नाताळच्या गाण्यांसारखी उड्या मारत नाहीत. ती भजनाच्या चालीवर, संथ चालतात. आमच्या फेरीचं गाणं सवाल-जबाबाचं आहे. बाहेरून आम्ही विचारतो, आत कोण जागं हाय? घरातली माणसं आतून गातात, आमी जागे हावोत, ये. मग दार उघडतं. दाराला कुलूप असलं तरी घर वगळायचं नाही. सवाल म्हणायचा, पेटी-ढोलकी थांबवायची, जबाबाला लागेल तेवढा वेळ गप्प उभं राहायचं आणि पुढं निघायचं. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही. फडात ऊस तोडणाऱ्या माणसाला मात्र आपल्या दारात कुणीतरी थांबलं, एवढंही पुष्कळ वाटतं.

माझी थोरली बहीण त्यांतलीच. अक्काला गावातच दिलेली, तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. यंदा ती आणि दाजी टोळीबरोबर गेले आणि आठवड्याभरात आईला लकवा झाला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा गेली ती गेलीच. टोळी सोडून अक्काला येता येईना. रोज तिचा फोन यायचा, आई बोलली का गं? मी रोज नाही म्हणायचे. वॉर्डात असे कितीतरी रुग्ण मी पाहिलेत, त्यांच्या नातेवाइकांना धीर दिलाय. घरी आईसमोर पेजेची वाटी धरून बसले की त्यातला चिमूटभर धीरही माझ्या वाट्याला यायचा नाही. एकदा तर मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, एक शब्द तरी बोल, शिवी दे हवं तर. तिनं वाटीकडं बोट केलं.

शेवटच्या रविवारची फेरी संध्याकाळी निघाली. घरोघर कुलपंच. अक्काच्या दाराशी आलो तेव्हा मला तिथं थांबूच नये असं वाटलं. शेजारी आमच्या ओट्यावर आई शाल गुंडाळून खुर्चीत बसली होती. लेकीच्या दारातली ती शांतता तिच्या कानावर पडायला नको होती. मी पाळकसाहेबांना हळूच म्हटलं, पुढं चला. ते म्हणाले, विचारून तरी घेऊ.

विचारलं. पेटी थांबवली. कुलपावर धूळ साचली होती. त्या धुळीकडं बघत मी जबाबाची ओळ मनातल्या मनात म्हणू लागले, आणि ती ओळ मला ऐकू आली. घोगरी, अडखळत, पण सुरात.

"आमी जागे हावोत, ये."

अक्काच्या दाराकडं तोंड करून आई गात होती. लेक घरी नाही म्हणून तिच्या घराचा जबाब तिनं दिला. पाळकसाहेबांनी ढोलकीवर थाप मारली, ती नेहमीप्रमाणं चुकली. माझी बोटं पेटीवर पडेनात. मी भर रस्त्यात रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

घरी आल्यावर मी तिच्यापुढं बसले. माझं नाव घे म्हटलं, निदान पाणी म्हण. तिनं तांब्याकडं बोट केलं. लकव्यात बोलणं जातं आणि कधीकधी गाणं मागं राहतं, हे मला दवाखान्यामुळं माहीत होतं. परत म्हणशील का, असं विचारल्यावर तिनं डोळे मिटले. दमली होती. मीही दमले होते.

सकाळी अक्काचा फोन आला. "आई बोलली का गं?"

"न्हाई," मी म्हटलं. "पण औंदा तुझ्या घरचा जबाब आला. आईनं दिला."

तिकडं टोळीचे कोयते चालू होते. मी फोन कानाला लावून, जबाबाला लागेल तेवढा वेळ थांबले.