शिवेपलीकडे टाकलेला देश

आमच्या रविवारच्या फिरायच्या मंडळाचा मला मनापासून राग येतो, आणि तरी मी दर रविवारी जाते. साखर वाढली, डॉक्टरांनी चाला म्हटलं, आणि एकटी बाई हायवेच्या कडेनं चालली तर ट्रकवाले उगाच हॉर्न मारतात, म्हणून जाते. आवड म्हणून नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की बाई मैत्रिणींसोबत निसर्ग पाहायला निघाली.

मंडळाचे पुढारी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. हिंगणघाटात आमच्याच लेआउटमध्ये त्यांचं घर. ते पुढे चालतात, आम्ही मागे, आणि चालता चालता ते आम्हाला जग समजावून सांगतात. टीव्हीवर चार माणसं एकमेकांवर जे ओरडली असतील, ते सकाळी साहेबांच्या तोंडून पुन्हा ऐकायचं. त्यांच्या मागोमाग माझी शेजारीण, मेडिकलवाल्यांची बायको. तिला साहेबांचा शब्द न शब्द पटतो. बाकीचे सगळे होयबा.

त्या वर्षी पोळा शनिवारी आला आणि तेव्हा युद्ध सुरू होतं. कोणतं युद्ध, कोणता देश, ते मी लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच बाजू धरतो, आणि बाजू धरणाऱ्यांचा मला वीट आला आहे. एवढंच सांगते, ज्या देशावर बॉम्ब पडत होते, त्या देशात माझा मुलगा वेल्डर आहे. आयटीआय करून गेला, तेलाच्या साइटवर पाइप जोडतो. गुरुवारी संध्याकाळी फोनवर बोलला, जेवलो म्हणाला, आणि त्यानंतर फोन लागणंच बंद झालं.

मंडळाला हे माहीत नव्हतं का? माहीत असायला पाहिजे होतं. मी सांगितलं होतं, एकदा नाही, दहादा. पण आमच्या गावात समुद्रापलीकडे कामाला गेलेला प्रत्येक पोरगा दुबईलाच गेलेला असतो. मस्कतला जा, कुवेतला जा, कुठं मरायला जायचं तिकडं जा, गावाच्या लेखी तुम्ही दुबईत. मी देशाचं नाव घ्यायची, समोरचा मान हलवायचा, आणि पुढच्या रविवारी विचारायचा, "मंग, दुबईत काय म्हणते पोरगा?" पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीही "बरा आहे" म्हणून पुढं चालायला लागले.

शनिवारी घरात पुरण शिजलं, कारण सण कोणासाठी थांबत नाही. सुनेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पोळ्या लाटल्या, एकही फुटली नाही, आणि तिनं एकही खाल्ली नाही. आमचे मालक, म्हणजे त्याचे वडील, टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हते. बंद करा म्हटलं तर म्हणाले, बंद केला तर समजंल कसं. चालू ठेवून काय समजलं, असं मी विचारलं, त्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. रविवारी उजाडायच्या आधी सूनच मला म्हणाली, "आई, तुमी जा फिराले. फोन आला त मी हावो ना. तुमी घरात राह्यल्या की माझ्याच तोंडाकडं पाहून राह्यता, मले आणखीच भेव वाटते." खरंच होतं तिचं. म्हणून मी बूट चढवले.

आता त्या दिवशीची रीत सांगितली पाहिजे. पोळ्याला आमच्या भागात दाराशी पळसाच्या फांद्या उभ्या करतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते उचलायचे, गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे आणि ओरडायचं, "ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जाय गे मारबत." मारबत म्हणजे सगळ्यांची पीडा स्वतःच्या अंगावर घेऊन जाणारी. ज्याचं नाव घेऊन टाकलं ते गेलं. टाकल्यावर मागे पाहायचं नाही, आणि टाकलेलं परत घरात आणायचं तर नावच काढू नका. माझं माहेर वडनेरकडचं. तिथं हे काम कोणी चेष्टेवारी करत नसे, माझा बाप तर मेढा टाकून आल्यावर पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे.

साहेबांनी चेष्टा केली असती तर एक वेळ चाललं असतं. त्यांनी कार्यक्रम केला. दोन दिवस आधीच मंडळाच्या ग्रुपवर संदेश आला, की या रविवारी प्रत्येकानं आपापला मेढा आणायचा, एकेका पीडेचं नाव घ्यायचं, शिवेवर टाकायचा, व्हिडिओ काढायचा आणि मग हायवेवर तर्री-पोहे. खाली हात जोडलेली चित्रं आणि बैलांची चित्रं, ओळभर.

निघालो. लेआउटमधल्या ओसऱ्यांवर पोरं संध्याकाळच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलांना रंग देत बसलेली, चौकात भोंगा आत्तापासूनच सुरू. गाव सोडून पांदणीला, वावरांमधल्या गाडीवाटेला, लागलो तर दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी, पायाखाली चिखल. साहेब पुढे, खांद्यावर सगळ्यात जाड फांदी, आणि तोंड सुरू.

"आता हे पाहा," ते फांदी आडवी धरून दाखवत होते, "हे गेलं मिसाइल. सिद्धं तेलाच्या डेपोवर. मंग काय होते, एक डेपो पेटला की बाजूचा आपोआप पेटते. दोन दिवसात पुरा देश सपाट. होऊ द्या, त्याईले असंच पाह्यजे."

"असंच पाह्यजे," शेजारीण म्हणाली.

मी सगळ्यांच्या मागे होते. फोन मुठीत, आवाज पूर्ण मोठा केलेला. तेलाचा डेपो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते आईला विचारू नये. शेजारणीनं वळून पाहिलं. "फोन काऊन धरून राह्यल्या वो हातात? सणाच्या दिवशी तरी ठेवा पर्समधी." मनात जे उत्तर आलं ते छापण्यासारखं नव्हतं.

पांदण जिथं नाल्याला मिळते, तिथं एक रपटा आहे, पाणी वाढलं की बुडणारा छोटासा पूल. रपट्याच्या अलीकडे आमची शीव, पलीकडे दुसऱ्या गावाची वावरं. म्हणजे आमची पीडा थेट त्यांच्या कपाशीत. हे वर्षानुवर्षं कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि पलीकडचे त्यांची कुठं टाकत असतील ते देवाला ठाऊक.

साहेबांनी शिट्टी मारली, सगळ्यांना ओळीत उभं केलं, मोबाइल एकाच्या हाती दिला. मग सुरू झालं. एक म्हणाला महागाई, एक म्हणाला डेंगू, एक म्हणाला नगरपालिकेचे खड्डे, त्यावर हशा. शेजारणीनं सासूचं दुखणं टाकलं आणि दुखणं म्हणताना डोळा मारला, म्हणजे काय टाकलं ते आम्ही समजून घ्यायचं. माझी पाळी आली तेव्हा मी काही न बोलता मेढा टाकला. मनात जे म्हणायचं होतं ते म्हटलं.

शेवटी साहेब. त्यांनी घसा साफ केला, फांदी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि त्या देशाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, स्वच्छ उच्चारात. "याले घेऊन जाय गे मारबत. पुरा देश घेऊन जाय, माणसाकाणसासकट घेऊन जाय." आणि मागून सगळ्यांनी एका सुरात साथ दिली, घेऊन जाय गे मारबत. फांदी नाल्यावरून उडत पलीकडच्या चिखलात जाऊन पडली. टाळ्या वाजल्या.

मला राग आला, आणि तो असा आला की कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"साहेब," मी म्हटलं, "तिथं माझा पोरगा आहे."

सगळे वळले. साहेब हसत होते, ते हसू तसंच तोंडावर राहिलं. "तुमचा त दुबईले आहे ना वहिनी?"

"नाई. ज्या देशाचं नाव तुमी आत्ता घेतलं ना, तिथं आहे. तेलाच्या साइटवर. तीन दिवसापासून त्याचा फोन नाई."

शेजारीण म्हणाली, "अवो, मंग सांगायचं नाई का पह्यले?" म्हणजे चूक माझीच. त्यावर साहेबांना सूर सापडला. "वहिनी, तुमी मनावर नोका घेऊ. गंमत आहे ही. एका फांदीनं देश वाहून जाते का कुठं?"

"जात नसंल त डेंगू काऊन टाकला? महागाई काऊन टाकली?"

"ते रीत आहे."

"आन हे?"

"हे असंच. व्हिडिओसाठी."

मी या गोष्टी मानते की नाही, हे मला कोणी विचारू नये. आपल्या घरात रात्रंदिवस पोराचा जीव टांगणीला असला की माणूस काय काय मानतो, याचा हिशेब लागत नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की ज्या देशाच्या छपराखाली माझा मुलगा झोपतो, तो देश यांनी माणसांसकट नाव घेऊन चिखलात टाकला आणि आता यांना पोहे खायचे आहेत. तो तसाच पडलेला ठेवून मी घरी जाऊन सुनेला काय तोंड दाखवणार होते?

मी रपटा ओलांडला. बूट भरले. पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, बांधावर, सगळे मेढे पडलेले, त्यातला सगळ्यात जाड साहेबांचा. तो मी उचलला, पानांवरचा चिखल पदरानं पुसला आणि परत फिरले.

आणि मग जी मजा झाली ती त्या व्हिडिओत नाही, कारण मोबाइल धरणारा घाबरून मागं सरकला होता. आत्तापर्यंत गंमत म्हणणारे सगळे रस्त्याच्या कडेला झाले. शेजारणीनं ओढणी तोंडावर घेतली. साहेबांचा चेहरा उतरला. "वहिनी, हात नोका लावू त्याले. टाकलेला मेढा गावात आणत नाई कोणी. सगळ्याइची पीडा आहे त्याच्यात."

"गंमत आहे ना?"

"गंमत वेगळी. घरोघरी लेकरंबाळं आहेत वहिनी, थोडा त विचार करा."

"माझंबी लेकरूच आहे," मी म्हटलं, आणि चालू लागले.

परतीच्या वाटेवर माझ्यासोबत कोणी चाललं नाही. मागून सगळे एक वावर अंतर ठेवून येत होते, कुजबुजत. साहेबांनी त्या दिवशी जग समजावून सांगितलं नाही. इतक्या वर्षांत मला त्या मंडळाचा पहिल्यांदा आनंद वाटला, आणि तो कडू होता. चौकातल्या भोंग्याखालून, रंग देणाऱ्या पोरांसमोरून मी ती फांदी खांद्यावर घेऊन गेले. एका म्हातारीनं दारातून पाहिलं आणि घाईनं दार लोटलं.

घरी सून अंगणातच उभी होती. फांदी पाहून तिचे डोळे मोठे झाले. "आई, मेढा वापस आणला?" मी तिला सगळं सांगितलं, कमी-जास्त न करता. ती ओरडेल, रडेल, मला वेडी म्हणेल असं वाटलं होतं. तिनं फांदी माझ्या हातातून घेतली, नळाखाली धुतली आणि दाराच्या उजव्या बाजूला उभी केली. मग आत जाऊन, दोन दिवसांत पहिल्यांदा, पोळीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

दुपारी साहेब आले. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही, बाहेरूनच हाका मारल्या. टोपी हातात. "वहिनी, माझं चुकलं, मानतो मी. पण ते तेवढं बाहेर टाका बापा. सगळे घाबरून राह्यले, ग्रुपवर मले बोल लावून राह्यले."

"तुमीच आणली होती फांदी. या आत, उचलून न्या."

साहेबांनी फांदीकडं पाहिलं, फाटकाच्या कडीला हात लावला आणि काढून घेतला. आम्ही दोघं असे समोरासमोर उभे असतानाच आतून सून धावत आली. फोन तिच्या हातात होता, आणि तिनं तो नुसता माझ्या कानाला लावला.

आवाज तुटत होता, पण त्याचाच होता. साइट बंद आहे म्हणाला. सगळ्यांना एका हॉलमध्ये ठेवलं आहे, रात्री आवाज येतात, विमानं बंद आहेत, इतक्यात निघता येणार नाही. मी हो हो म्हणत होते, आणि मला रडू येत होतं ते मी आवाजात येऊ दिलं नाही. पुढे काय बोलावं हे त्याला सुचत नसेल, लहानपणापासूनच सुचत नाही.

"पोळा झाला का आई?" त्यानं विचारलं. "मारबत टाकून आले का सगळे?"

"टाकली होती," मी म्हटलं. "मी वापस आणली."

"वापस? काऊन?"

साहेब फाटकाबाहेर उभेच होते. त्यांनाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं मी म्हटलं, "त्याच्यात तूबी होता."